स्क्रीनवर तुमची गाडी शेतातून का धावते? कारमधल्या नेव्हिगेशनच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यावरचे उपाय

समृद्धी महामार्गावर तुमची गाडी मस्त चाललीये. समोर सहा पदरी काँक्रीटचा रस्ता आहे, गर्दी नाही, खड्डा नाही. आणि डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर बघावं तर गाडीचा बाण एका रिकाम्या पट्ट्यातून चाललाय. ना रस्ता, ना गाव. वर दर दोन मिनिटांनी आतली बाई सांगतेय, "शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या."

यावर मागच्या सीटवरचे हसतात, चालवणारा वैतागतो आणि शेवटी कुणीतरी खिशातून मोबाईल काढतं. गाडी घेताना टॉप मॉडेलचे पैसे मोजलेले असतात, त्यातलं नेव्हिगेशन मात्र वर्षभरात शोभेची वस्तू होऊन बसतं.

आता हा विषय फक्त चिडचिडीचा असता तर सोडून दिला असता. पण तसं नाहीये.

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात एक गाडी थेट पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. मॅपवर तिथे पूल होता. प्रत्यक्षात तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेली आणि बदायूंच्या दरम्यान रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडली आणि तिघांचा मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला एक गाडी पुलावर जायच्या ऐवजी पुलाखालच्या रस्त्याने सरळ गेली आणि खाडीत पडली. चालवणाऱ्या महिलेला सागरी सुरक्षा पोलिसांनी वाचवलं.

या तिन्ही घटनांमध्ये मोबाईलवरच्या मॅपचं नाव आलं होतं. पण मुद्दा असा की मोबाईलवरचा मॅप निदान सतत अपडेट होत असतो. गाडीतला मॅप बऱ्याचदा गाडी फॅक्टरीतून निघाली त्या दिवसाचाच असतो. म्हणजे मोबाईल जिथे चुकतो, तिथे गाडीतलं नेव्हिगेशन चुकण्याची शक्यता आणखी जास्त.

म्हणूनच हे यंत्र नेमकं चुकतं कुठे, त्यातलं आपल्या हातात काय आहे आणि सर्व्हिस सेंटरला कधी जायचं, हे एकदा नीट समजून घेऊ.

आधी हे बघा, तुमच्या गाडीत नेमकं आहे काय?

बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो. स्क्रीनवर मॅप दिसला म्हणजे गाडीत नेव्हिगेशन आहे, असं होत नाही.

पहिला प्रकार म्हणजे अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले. यात मॅप तुमच्या मोबाईलमधला असतो, गाडीची स्क्रीन फक्त आरशासारखी काम करते.

दुसरा प्रकार म्हणजे खरं इनबिल्ट नेव्हिगेशन. मॅप गाडीच्या सिस्टिममध्ये किंवा एसडी कार्डवर साठवलेला असतो. इंटरनेट नसलं तरी तो चालतो.

तिसरा प्रकार म्हणजे कनेक्टेड कार. यात गाडीत स्वतःचं ई-सिम असतं. मॅप गाडीतलाच, पण ट्रॅफिकची माहिती आणि अपडेट इंटरनेटवरून येतात.

ओळखायचं कसं? मोबाईलची केबल काढा, ब्लूटूथ आणि वाय-फाय बंद करा. तरीही मॅप दिसत असेल तर नेव्हिगेशन गाडीचं आहे. गेला तर ते मोबाईलचं होतं, आणि मग दुरुस्तीही मोबाईलमध्येच शोधायची.

अजून एक. मोबाईलवर रूट सुरू केला की बऱ्याच गाड्यांमध्ये गाडीचा स्वतःचा रूट आपोआप बंद होतो, आणि उलटही होतं. "मधेच नेव्हिगेशन बंद पडतं" अशी तक्रार असेल तर दोन्ही एकाच वेळी चालू नाहीत ना, हे आधी बघा.

हे चालतं कसं?

गाडीतलं नेव्हिगेशन तीन कामं करतं. एक, तुम्ही कुठे आहात ते शोधणं. दोन, ती जागा मॅपवर दाखवणं. तीन, तिथून पुढचा रस्ता ठरवणं. तुमची तक्रार कुठलीही असो, ती या तीनपैकी एकातच बसते.

पहिलं काम जीपीएसचं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. किमान चार उपग्रहांचा सिग्नल मिळाला की तुमच्या गाडीतला रिसीव्हर हिशोब करून जागा काढतो. मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटरपर्यंतचा अंदाज येतो.

पण बोगद्यात? तिथे उपग्रह दिसतच नाहीत. मग गाडी स्वतःच अंदाज बांधते. चाकं किती फिरली, गाडी कुठल्या बाजूला वळली, हे सेन्सरवरून मोजायचं आणि शेवटच्या माहीत असलेल्या जागेपासून पुढे सरकत राहायचं. ही आयडिया जीपीएसपेक्षा जुनी आहे बरं का. १९८१ मध्ये होंडाने जपानमध्ये 'इलेक्ट्रो गायरोकेटर' नावाचं नेव्हिगेशन आणलं, त्यात उपग्रहाचा संबंधच नव्हता. गायरोस्कोपने दिशा मोजायची आणि पारदर्शक नकाशाच्या मागे एक ठिपका सरकवायचा, असा तो प्रकार होता. कारमध्ये जीपीएसवालं नेव्हिगेशन आलं ते १९९० मध्ये, माझदाच्या युनोस कॉस्मो या गाडीत.

दुसरं काम मॅपचं. मॅप कार कंपनी स्वतः बनवत नाही, विकत घेते. भारतात १९९५ मध्ये सुरू झालेल्या मॅपमायइंडियाचे नकाशे अनेक गाड्यांमध्ये असतात. जगभरात हिअर आणि टॉमटॉम ही मोठी नावं आहेत.

तिसरं काम सॉफ्टवेअरचं. तुम्ही सेटिंगमध्ये जे सांगितलंय त्याप्रमाणे ते रूट काढतं.

आता तक्रार आली की स्वतःला एक प्रश्न विचारा. बाण चुकीच्या जागी आहे, की बाण बरोबर आहे पण रस्ताच मॅपवर नाही, की दोन्ही बरोबर आहे पण रूट वेड्यासारखा काढलाय? एवढं ठरवलं की अर्धं काम झालं.

१. बाण भलतीकडेच दाखवतोय किंवा "जीपीएस सिग्नल नाही" असं येतंय

सगळ्यात आधी गाडी मोकळ्या जागेत आणा. बेसमेंट, झाडांची दाटी, उंच टॉवरच्या मधली गल्ली, इथे सिग्नल अडतो किंवा भिंतींवर आपटून वेड्यावाकड्या वाटेने येतो.

मोकळ्या जागेत गाडी चालू ठेवून १५ मिनिटं थांबा. नेमकी १५ का? गाडी बरेच दिवस बंद असेल किंवा बॅटरी काढून लावली असेल तर रिसीव्हर आकाशात कुठला उपग्रह कुठे आहे हे विसरलेला असतो. ती पूर्ण यादी उपग्रहाकडून यायला साडेबारा मिनिटं लागतात. बॅटरी बदलून आल्यावर लगेच "नेव्हिगेशन बिघडलं" म्हणून कॉल करणारे बरेच जण या साडेबारा मिनिटांआधीच हार मानतात.

थांबूनही फरक पडला नाही तर पुढच्या गोष्टी बघा.

काचेवरची फिल्म. मेटल असलेली सनफिल्म जीपीएसचा सिग्नल अडवते. मुळात फिल्मचे नियम कडक आहेतच, त्यात हा आणखी एक तोटा.

स्वस्तातला डॅशकॅम आणि चार्जर. हे अनेकांना खरं वाटत नाही, पण उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की शेजारच्या हलक्या इलेक्ट्रॉनिक वस्तूचा गोंगाटसुद्धा त्याला झाकून टाकतो. डॅशकॅम, मोबाईल चार्जर, एलईडी पट्ट्या, नंतर बसवलेलं जे काही असेल ते सगळं काढा आणि पुन्हा तपासा. सिग्नल आला तर एकेक वस्तू परत लावत जा. चोर आपोआप सापडतो.

अँटेना. कंपनीच्या गाडीत तो छतावरच्या माशाच्या पंखासारख्या भागात किंवा डॅशबोर्डच्या आत असतो. छताचं डेंटिंग-पेंटिंग, काच बदलणं, डॅशबोर्ड उघडणं असं काही काम झालं आणि त्यानंतर सिग्नल गेला असेल, तर कनेक्टर नीट बसवलेला नसण्याची शक्यता मोठी. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला काडेपेटीएवढी काळी डबी वायरने जोडलेली असते. तोच जीपीएसचा अँटेना. फिटर घाईत ती डबी डॅशबोर्डच्या आत पत्र्याखाली सोडून देतो. ती काचेजवळ, वरच्या बाजूला आभाळाकडे तोंड करून चिकटवली की फरक पडतो.

अजून एक गंमत. सिग्नल व्यवस्थित आहे, पण बाण उलट्या दिशेला तोंड करून बसलाय? तुम्ही मेकॅनिकल पार्किंगमधून गाडी काढलीये का? मुंबईत बऱ्याच टॉवरमध्ये गाडी बंद केल्यावर फिरत्या चकतीवरून वळवली जाते. बंद गाडीला आपण वळलोय हे कळत नाही. थोडं अंतर सरळ चालवलं की ते आपोआप सुधारतं. टायरचा साईज बदलला असेल तरी चाकावरून मोजलेलं अंतर चुकतं. काही गाड्यांच्या सेटिंगमध्ये यासाठी 'कॅलिब्रेशन'चा पर्याय असतो.

२. फ्लायओव्हरवर आहे की खाली, तेच त्याला कळत नाही

ही तक्रार मुंबई, पुणे, नागपूर सगळीकडे आहे. आणि खरं सांगायचं तर यावर तुमच्या हातात फार काही नाही. कारण समजून घेतलं तर मात्र फसगत टळते.

नेव्हिगेशन जीपीएसच्या ठिपक्याला जवळच्या रस्त्यावर चिकटवून दाखवतं. नाहीतर ५ मीटरच्या फरकाने गाडी कधी फुटपाथवर, कधी दुकानात दिसली असती. पण फ्लायओव्हर आणि त्याखालचा रस्ता एकावर एक असतात. वरून बघितलं तर जागा एकच. उंचीचा अंदाज जीपीएसला आडव्या अंतरापेक्षा कमी नीट येतो. मग सॉफ्टवेअर एक रस्ता निवडतं, आणि तो चुकू शकतो. हायवे आणि शेजारचा सर्व्हिस रोड यांचंही तेच.

उपाय एकच. पुलाच्या तोंडाशी स्क्रीन बघू नका, पाटी बघा. आपण फ्लायओव्हर घ्यायचा की नाही, हे निघायच्या आधीच मॅप मोठा करून बघून ठेवा. आणि चुकलंच तर चुकू द्या. पुढे गेल्यावर ते नवा रूट काढतं. कठड्याजवळ ब्रेक मारून रिव्हर्स घेण्यापेक्षा चार किलोमीटरचा फेरा परवडला.

३. रस्ताच मॅपवर नाही

ही सुरुवातीची समृद्धीवाली तक्रार. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. मधल्या काळात टप्प्याटप्प्याने रस्ता वाढत गेला. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, मुंबईचा कोस्टल रोड मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने. तुमच्या गाडीतला मॅप २०२१ चा असेल तर त्याच्या जगात यातलं काहीच नाही. तो तुम्हाला आजही वाशीच्या पुलावरून फिरवून नेणार, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

सेटिंगमध्ये 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' किंवा 'अबाउट' मध्ये जा. तिथे मॅपचं व्हर्जन दिलेलं असतं, बऱ्याचदा वर्षासकट. इथे लक्षात ठेवा, सॉफ्टवेअरचं व्हर्जन वेगळं आणि मॅपचं व्हर्जन वेगळं. सर्व्हिस सेंटरवाला "अपडेट मारलंय" म्हणतो तेव्हा दोन्हीपैकी काय मारलंय, ते विचारा. अनेकदा फक्त सॉफ्टवेअर नवं होतं आणि मॅप जुनाच राहतो.

किती वर्षं मॅप अपडेट मोफत मिळणार, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. गाडी घेतानाच हे लेखी विचारून घ्या. आणि जुनी गाडी असेल, अपडेट विकत घ्यायचं असेल, तर घाई करू नका. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालत असेल तर रोजच्या कामाला तेवढं पुरतं. इनबिल्ट मॅपचा खरा फायदा नेटवर्क नसलेल्या भागात, घाटात आणि कोकणात. तिकडे तुमचं जाणं किती आहे, त्यावर पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवा.

४. अपडेट करायला गेलो आणि मधेच अडकलं

यूएसबीवरून मॅप अपडेट करताना नेहमीच्या चुका चारच आहेत.

पेन ड्राइव्ह चुकीच्या फॉरमॅटमध्ये असतो. गाडीच्या पुस्तकात फॅट३२ लिहिलं असेल तर फॅट३२ च, एक्सफॅट लिहिलं असेल तर तेच. नाहीतर गाडी पेन ड्राइव्ह ओळखतच नाही.

फाईल फोल्डरच्या आत फोल्डर अशी पडलेली असते. झिप फाईल उघडल्यावर जे निघतं ते जसंच्या तसं पेन ड्राइव्हच्या पहिल्या पानावर हवं. फाईलचं नावही बदलायचं नाही.

भलत्याच मॉडेलची फाईल घेतलेली असते. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलमध्ये वेगळी सिस्टिम असू शकते. चॅसिस नंबर टाकूनच फाईल घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी 'लेटेस्ट मॅप फाईल' टाकून सिस्टिम कायमची बंद पाडण्याचा धोका घेऊ नका.

चौथी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अपडेट चालू असताना गाडी बंद करणं. मॅपची फाईल कित्येक जीबीची असते, वेळ लागतो. बॅटरी कमजोर असेल तर अपडेटला हात लावू नका. इंजिन चालू ठेवून करायचं असेल तर गाडी मोकळ्या जागेतच उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसणं जीवावर बेतू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साईडला ना रंग असतो, ना वास.

एसडी कार्डवाली गाडी असेल तर ते कार्ड काढून कॅमेऱ्यात किंवा मोबाईलमध्ये टाकून फॉरमॅट करू नका. बऱ्याच गाड्यांमध्ये कार्डावर मॅपसोबत त्याचं लायसन्सही असतं. एकदा पुसलं की नवं कार्ड घ्यावं लागतं.

५. गावच सापडत नाही

ही खास आपली तक्रार आहे, आणि मॅन्युअलमध्ये हिचं उत्तर नसतं.

पहिलं कारण नाव बदललंय. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव हे २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. मॅप त्याआधीचा असेल तर त्याला नवं नाव माहीतच नाही. जुनं नाव टाकून बघा.

दुसरं कारण एकाच नावाची भरपूर गावं. वडगाव म्हटलं तर वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि शिवाय राज्यभरातली इतर वडगावं. शिरूर पुणे जिल्ह्यात आहे आणि शिरूर कासार बीड जिल्ह्यात. नुसतं नाव टाकून पहिला पर्याय दाबला की लग्नाला निघालेली वरात दुसऱ्याच जिल्ह्यात पोचते. यादीत गावासमोर तालुका-जिल्हा वाचूनच निवडा, आणि एकूण किलोमीटर बघा. पुण्याहून तासाभरावरचं गाव २८० किलोमीटर दाखवत असेल तर तिथेच थांबा.

तिसरं कारण स्पेलिंग. मराठी नाव इंग्रजीत चार पद्धतीने लिहिता येतं. 'व' साठी दोन अक्षरं, 'ई' साठी दोन, शेवटचा 'ए' कधी असतो, कधी नसतो. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा पहिली तीन-चार अक्षरं टाकून यादी बघा. तरी नाही सापडलं तर पिन कोड टाका, किंवा मॅपवर बोटाने सरकवत जाऊन जागा निवडा. सगळ्यात पक्का उपाय म्हणजे अक्षांश-रेखांश. ज्यांच्याकडे जायचंय त्यांच्याकडून लोकेशन मागवा, मोबाईलच्या मॅपवर त्याचे आकडे दिसतात, ते गाडीत टाका. बहुतेक सिस्टिममध्ये ही सोय असते, पण कुणी वापरत नाही.

६. रूट वेड्यासारखा काढलाय

बाण बरोबर, गाव बरोबर, पण नेतोय भलत्याच वाटेने. दहापैकी आठ वेळा दोष सेटिंगचा असतो, असं म्हटलं तरी चालेल.

'शॉर्टेस्ट' म्हणजे कमी अंतराचा आणि 'फास्टेस्ट' म्हणजे कमी वेळेचा. 'शॉर्टेस्ट' निवडलं असेल तर दोन किलोमीटर वाचवायला ते तुम्हाला बैलगाडीच्या वाटेवरही घालेल. हायवेच्या प्रवासाला 'फास्टेस्ट' ठेवा.

टोल टाळा, हायवे टाळा, कच्चे रस्ते टाळा, फेरी टाळा, असे पर्याय असतात. कधीतरी कुणीतरी 'टोल टाळा' दाबून ठेवतं आणि मग मुंबई-पुणे प्रवासात एक्सप्रेसवे येतच नाही.

कोकणात जाणाऱ्यांनी 'फेरी'चा पर्याय मुद्दाम बघावा. दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ अशा ठिकाणी गाडी बोटीतून पलीकडे जाते. 'फेरी टाळा' चालू असेल तर दापोलीहून गुहागरला जायला लांबचा वळसा दाखवेल. बंद असेल तर उलटा धोका. रात्री उशिरा ते तुम्हाला थेट जेटीवर आणून सोडेल, आणि तोपर्यंत शेवटची बोट कधीच गेलेली असेल. बोटीची वेळ मॅपला नाही, तिथल्या माणसांना विचारायची.

घाटांचंही तसंच. वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यात प्रशासन वेळोवेळी वाहतुकीला बंद ठेवतं. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश गाडीतल्या ऑफलाईन मॅपपर्यंत पोचत नाही.

७. आवाजच येत नाही

यात दुरुस्ती बहुतेक वेळा शून्य रुपयांची असते. नेव्हिगेशनचा आवाज गाण्यांच्या आवाजापासून वेगळा असतो. गाणी चालू असताना बटण फिरवलं तर फक्त गाणी मोठी होतात. बाई बोलत असताना, त्याच क्षणी आवाजाचं बटण फिरवा. तिचा आवाज वाढतो आणि तसाच राहतो. त्यानंतर मॅपच्या स्क्रीनवर स्पीकरचं चिन्ह म्यूट नाही ना, हे बघा.

८. स्क्रीन हँग झाली, काळी पडली

पहिली पायरी रीस्टार्ट. बऱ्याच गाड्यांमध्ये पॉवरचं किंवा आवाजाचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की सिस्टिम नव्याने सुरू होते. तुमच्या गाडीत कुठलं बटण, ते पुस्तकात असतं. मॅप आणि सेव्ह केलेले पत्ते यात जात नाहीत.

तरी जमलं नाही तर गाडी बंद करा, दारं लॉक करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. गाडी बंद केल्यावरही सिस्टिम काही वेळ जागीच असते, म्हणून लगेच चालू करून उपयोग नाही.

फॅक्टरी रीसेट हा सगळ्यात शेवटचा उपाय. त्यात पत्ते, फोन, सेटिंग सगळं पुसलं जातं. बटण दाबण्याआधी महत्त्वाचे पत्ते लिहून घ्या.

हँग होण्याचा प्रकार फक्त सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करतानाच होत असेल तर संशय बॅटरीवर घ्या. जुन्या बॅटरीचा व्होल्टेज स्टार्टरच्या वेळी खाली जातो आणि सिस्टिम गडबडते. अशा वेळी महागडी स्क्रीन बदलण्याआधी बॅटरी तपासून घेणं कधीही शहाणपणाचं.

९. तारीखच वीस वर्षं मागे गेली

हे ऐकायला भुताटकीसारखं वाटतं, पण झालंय. जीपीएस आठवडे मोजतं, आणि जुन्या पद्धतीत तो आकडा १०२४ पर्यंतच जातो. मग पुन्हा शून्य. १०२४ आठवडे म्हणजे जवळपास १९ वर्षं ८ महिने. असा शेवटचा फेरा ६ एप्रिल २०१९ ला पूर्ण झाला, पुढचा २०३८ मध्ये आहे. शिवाय काही रिसीव्हरचा स्वतःचा हिशोब वेगळ्या तारखेपासून सुरू होतो, त्यामुळे त्यांची पंचाईत मधेच कधीतरी होते. जानेवारी २०२२ मध्ये परदेशात होंडा आणि अक्युराच्या अनेक जुन्या गाड्यांची घड्याळं थेट २००२ सालात गेली होती.

तुमच्या जुन्या गाडीत असं झालं तर सेटिंगमध्ये 'ऑटो टाईम' बंद करून घड्याळ हाताने लावा आणि सॉफ्टवेअर अपडेट आहे का ते विचारा. तारीख बरोबर आहे पण पोचायची वेळच काही तासांनी चुकतेय, असं असेल तर टाईम झोन बघा. भारतासाठी तो साडेपाच तास पुढे हवा.

सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी

"नेव्हिगेशन चालत नाही" एवढंच सांगितलं तर उत्तर ठरलेलं आहे, "युनिट बदलावं लागेल." वॉरंटीत असेल तर ठीक, नसेल तर खिशाला मोठी चाट.

म्हणून जाताना तीन गोष्टी सोबत न्या. सॉफ्टवेअर आणि मॅप व्हर्जनच्या स्क्रीनचा फोटो. बिघाड दिसतोय त्याचा फोटो किंवा व्हिडिओ, अर्थात शेजारी बसलेल्या माणसाने काढलेला. आणि बिघाड कधी, कुठे, किती वेळा होतो याची नोंद. अनेक सिस्टिममध्ये किती उपग्रह दिसतायत ते दाखवणारी स्क्रीन असते. मोकळ्या मैदानात १५ मिनिटांनंतरही तो आकडा शून्य असेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि युनिट बदलण्याआधी अँटेना, त्याची वायर आणि कनेक्टर तपासल्याचं जॉबकार्डवर लिहून घ्या.

गाडी विकताना मात्र उलटं करा. फॅक्टरी रीसेट मारूनच द्या. 'होम' म्हणून सेव्ह केलेला घरचा पत्ता, मुलांची शाळा, जोडलेल्या फोनमधले नंबर, हे सगळं त्या स्क्रीनमध्ये असतं. आरसी ट्रान्सफर केल्याने ते पुसलं जात नाही.

स्क्रीन आणि रस्ता यांचं पटलं नाही तर

शेवटी नियम साधा आहे. पत्ता निघायच्या आधी टाकायचा, चालत्या गाडीत नाही. बऱ्याच गाड्या चालू असताना टाईप करू देत नाहीत, आणि तो बिघाड नाही. मोबाईल वापरत असाल तर २०२० च्या नियमदुरुस्तीनुसार गाडी चालवताना तो फक्त रस्ता बघण्यापुरता वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने.

आणि रात्रीची वेळ, अनोळखी रस्ता, पाऊस, समोर पाणी किंवा अर्धवट पूल असं काही दिसलं, तर स्क्रीन कितीही ठामपणे "सरळ जा" म्हणत असली तरी गाडी थांबवायची. हेडलाईटच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतोय तेवढाच खरा. पाण्याची खोली त्या मॅपमध्ये नसते आणि काल रात्री खचलेला पूलही नसतो. जवळच्या पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, नाहीतर एसटी स्टँडवर काच खाली करून विचारायचं, "दादा, हा रस्ता पुढे चालू आहे ना?" यात दोन मिनिटं जातील. कोतूळच्या पुलाजवळ कुणाला तरी हाच प्रश्न विचारला गेला असता, तर कदाचित एक माणूस त्या रात्री घरी पोचला असता.